निसरड्या दगडावरचा हात

सर्जापूर रोडवरच्या आमच्या गच्चीत शेवाळाचा ओला वास आला, की मला आनेकलजवळच्या दरीतला तो लहानसा धबधबा आठवतो. आमचे नुकतेच लग्न झाले होते. निसरड्या दगडावर पत्नीने माझ्याकडे हात पुढे केला; परंतु वडिलांसमोर तो धरण्याचे धैर्य मला होईना.

“अरे, धर की तिचा हात!” अण्णा मागून गरजले. “पडली तर व्याह्यांना काय सांगू?”

मी ओशाळून हात धरला. ती खळखळून हसली.

कित्येक वर्षे मला अण्णांचा तो चढा आवाजच आठवत असे. आता त्यानंतरचे दिसते. त्यांनी आईपुढेही हात केला होता. आईने आधी चहूकडे पाहिले, “स्वल्प सावकाश हं,” असे ‘जरा’साठी कानडी शब्द वापरून म्हणाली आणि तो धरला.