बाहुलेमामा आणि गुलाबी यम

बाहुलेमामांना मयताला नेणं ही जोखीम असे. ते मुद्दाम काही करत नसत, पण तोंडून एखादं वाक्य निसटे आणि खांदेकऱ्यांना हसू आवरत नसे. जिते गावात त्यांचा एक जुना सोबती गेला. कंपनीत जन्मात एकाही शिफ्टला वेळेवर न पोचलेला माणूस. दहाला निघायचं ठरलं होतं आणि बरोबर दहाला लोक उठले. मामा हळूच म्हणाले, "चला, एकदाचा वेळेवर निघाला." त्याची बायको रडता रडता हसली. पुढे तिनेच मला सांगितलं, "त्या दिवशी तेवढाच एक श्वास नीट घेतला मी."

मामांचं खरं नाव कंपनीच्या मस्टरपुरतं होतं. रोह्यात नोकरी, वरशाला घर, आणि सुटीच्या दिवशी गावोगावी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ. मी पेणच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या शाळेत खेळ होता तेव्हा पेटी उतरवताना राजाचं नाक फुटलं. मी तिथल्या तिथे ते बसवून रंगवून दिलं. मामा म्हणाले, "राजापेक्षा नाक बरं झालंय. आता बाकीच्यांची पण फोडून आणतो." तेव्हापासून अकरा वर्षं त्यांच्या बाहुल्यांचे चेहरे मीच रंगवले.

त्यांचा लाडका होता यम. सुटीत मी पेणच्या गणपतींच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची, तिथला उरलेला गुलाबी रंग मी नेला होता, तो मामांनी यमाला लावायला सांगितला. "काळा कशाला? पोरं घाबरतील. पाहुणा हाय तो, जरा बरा दिसू दे." असा हा गुलाबी यम प्रत्येक खेळात चुकीच्या घरी जाई, लोकांना पत्ता विचारी आणि रेडा हरवून बसे. गागोदे गावातल्या खेळात एक म्हातारी पुढे येऊन त्याला म्हणाली, "माझ्याकडं ये की रे, कधीची वाट बघतेय." मामांनी यमाला वाकून नमस्कार करायला लावला. "आजी, तुमचं नाव यादीत सापडंना. पुढल्या वर्षी बघू." म्हातारी खूश होऊन जागेवर जाऊन बसली.

मग मामांना फुप्फुसांचा आजार झाला. हात थरथरायला लागला. एका दुपारी मी भेटायला गेले तर मामा उशीला टेकून बसले होते आणि यम हातात होता. दोऱ्या धरल्या की यम नखशिखान्त कापे. मामांना दम लागला होता, तरी म्हणाले, "बघ गो, आता हाच मला घाबरतोय." मी हसले आणि बाहेर पडवीत येऊन रडले. पंधरा दिवसांनी ते गेले. त्यांच्या मयताला कुणीच काही बोललं नाही. इतकं शांत मयत त्या घरात शोभत नव्हतं.

ते मनातून जाईना. मी संगणकावर ॲनिमेशन शिकले आणि दोन वर्षं खपून सात मिनिटांची फिल्म केली. यम मामांना न्यायला येतो, मामा म्हणतात, "खेळ संपू दे." खेळ संपतो, मामा जातात, पण त्यांची दोऱ्या धरलेली बोटं थांबत नाहीत. तिरडीच्या आणि बाहुल्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि चारही खांदेकरी रस्त्यात नाचायला लागतात.

करताना मी एकटीच हसत होते. मामी मात्र ती बघून हसतील की दुखावतील, ठाऊक नव्हतं. पसंत पडली नाही तर पुसून टाकायची, असं ठरवूनच लॅपटॉप घेऊन वरशाला गेले. मामांचे धाकटे भाऊही येऊन बसले. खांदेकरी नाचायला लागले तसे ते ताडकन उठले. "माझ्या भावाच्या तिरडीची चेष्टा? बंद करा ते!"

मामींनी हातानेच त्यांना बसवलं. पदर तोंडाशी होता, खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं. पदर खाली आला तेव्हा मामी हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "अगदी असाच होता गो मेला," त्या म्हणाल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "पण मी कुठं हाय यात? यम घरात शिरतो आणि मी काय बोलणार नाय?"

"काय बोलाल, मामी?"

"पाय धुऊन ये रे आधी. आताच लादी पुसलीय."

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो पुढे धरला. एका दमात त्यांनी ते पुन्हा म्हटलं, खऱ्याखुऱ्या वैतागाने. अंगावरचं ओझं उतरल्यासारखी मी भिंतीला टेकले.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या सभागृहात फिल्म दाखवली. गुलाबी यम दारात आला, आतून मामींचा आवाज आला आणि सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेत मामांचे भाऊ बसले होते. ते मागे वळून, अनोळखी माणसांना अभिमानाने सांगत होते, "आमच्या वहिनी हायत त्या."