वारुळावर बसलेला पाव्हणा

विश्रामबागेतून निघालो तेव्हा माझ्या डोक्यावर टोपी होती. म्हसवडला पोहोचेपर्यंत उन्हानं तिचा पापड झाला. खोटं वाटत असेल तर या, एक तुकडा अजून दातात अडकलाय.

सोबत शेजारची सुरेखा. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिचे वडील, आबा, म्हसवडपलीकडच्या माळावर मेंढरं राखतात. देवानं वारूळ फोडलं आणि त्यातून जगातली सगळी मेंढरं बाहेर पडली, अशी आबांची श्रद्धा. गेल्या दिवाळीत सुरेखा म्हणाली, तसं नाही, रानटी जनावरांत पिढ्यान्‌पिढ्या बदल होत मेंढरं झाली. त्या दिवसापासून आबांनी लेकीशी बोलणं टाकलं. आता बिजाचा मेंढा (कळप वाढवायला राखायचा नर) निवडायची वेळ आली होती. तो थोरल्या लेकराच्या हातानं निवडायची घरची चाल. थोरली सुरेखा, पण बोलावणं आलं नव्हतं.

"काका, तुम्ही चला. पाहुण्यासमोर आबा मला हाकलणार नाहीत."

विट्याला एसटी थांबली. तिथल्या भज्यातल्या मिरचीनं माझ्या कानांतून असा धूर निघाला, की कंडक्टर इंजिन उघडून बघायला गेला. पुढं माणदेशात झाडं इतकी विरळ, की एकेका बाभळीच्या सावलीसाठी कावळे नंबर लावून उभे.

आबा वाघरीजवळ (मेंढरं कोंडायची जाळी) बसले होते. "या पाव्हणं," मला म्हणाले. लेकीकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्यासंगं आलेल्या बाईस्नी इचारा, माडगं घेनार का?" माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम पेय.

"सांगा त्यास्नी, घेते म्हणावं," सुरेखा म्हणाली.

दोघांत हातभर अंतर, आणि मधे मी टपालखातं!

"इचारा, वारुळातनं न्हाई तर मेंढरं आभाळातनं पडली व्हय?"

"सांगा, ह्या मेंढरांचं नाक राघूच्या चोचीवानी कुणी केलं? आज्ज्या-पणज्यानंच की. दरसाल बाकदार नाकाचा मेंढा निवडून."

"मग आज्जा कुणी केला? आन् देवाच्या हाताखाली माणूस लागत न्हाई व्हय?"

उत्तराला उत्तर पोचवून माझ्या जिभेला घट्टे पडले. निरोप अर्ध्यावर टाकून मी उठलो. थोडं पलीकडं मातीचा एक छान उंचवटा दिसला. टेकलो.

"काका, उठा! देव हाय तिथं!"

हे आबा नाही ओरडले. सुरेखा ओरडली.

तोवर आतल्या मुंग्यांनी कामाला सुरुवात केली होती. मी अशी उडी मारली, की वर जाताना साताऱ्याचा किल्ला दिसला आणि खाली येताना सांगलीचा पूल.

माझं बोंबलणं संपलं, तेव्हा आबा लेकीकडं बघत होते.

"काय म्हनलीस गं?"

"तोंडातनं गेलं, आबा."

"पोटात असल्याबिगर तोंडात येतंय व्हय?"

सुरेखाचे डोळे भरले. पण मान ताठ. "असंल. पर कॉलेजात शिकवते ते बी पोटातलंच हाय. ते सोडायची न्हाई."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मला तुझं पटंना, तुला माझं पटंना. मग मेंढा निवडायचा कुणी? ह्या पाव्हण्यानं? ह्याला वारूळ आन् खुर्ची वळकंना!"

ती हसत हसत वाघरीत शिरली. नाकं बघितली, दात बघितले, पाय चाचपले. एका मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावला. चिमूटभर उरला, तो वारुळावर वाहिला, माझ्या बुडाचा ठसा उमटला होता तिथं.

मेंढरं मुळात आली कुठून, याचा निकाल मी काय लावणार! टोपीचे पापड खाणाऱ्यानं खऱ्याखोट्यात पडू नये. पण एक माणूस दोन गोष्टी एकाच पोटात बाळगून ताठ उभा राहू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलं. मीही ताठच होतो. रिकाम्या एसटीत विश्रामबागेपर्यंत उभा.

उतरताना सुरेखाचा फोन वाजला. आबांचा आवाज मलाही ऐकू आला.

"पोचलीस का गं? आन् त्या पाव्हण्याला इचार, बसाय येतंय का?"