नटीच्या नावामागचं ‘सौ.’

अन्याय झाला तो एका ब्रिटिश नटीवर, तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी: २०१७च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी दुपारी दोन वाजता, कॅनडातल्या वॉटर्लूच्या आमच्या मराठी मंडळात. करणारे आपलेच लोक.

शेजारच्याच किचनर गावात मी जिच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे, ती म्हातारी या नटीची मुलगी. आई दहा वर्षं मूकपटांची नायिका. पळत्या घोड्यावरून स्वतः उडी मारायची, पडद्यावरच्या पाट्यांतले संवादही स्वतःच लिहायची. नवरा निर्माता, संवादांखाली नाव त्याचं. बोलपट आले तसं त्याने ‘तुझा आवाज चालणार नाही’ म्हणून तिला घरी बसवलं. पुढे तान्ही पोर घेऊन ती कॅनडात निघून आली, माहेरचं आडनाव पुन्हा लावलं आणि हातमोज्यांच्या कारखान्यात राबली.

तिचा एक मूकपट मंडळात दाखवायचं ठरलं. ‘उत्तम! पोरांना मराठी कळत नाही, आजोबांना इंग्लिश,’ अध्यक्षकाका म्हणाले. पत्रक मी मराठीत लिहिलं. म्हातारीचं मागणं एकच होतं: नाव आईचंच हवं, त्या माणसाचं कुठेही नको.

छापून आलं ते असं: ‘सौ.’, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. खाली ‘सुप्रसिद्ध निर्मात्यांच्या सुविद्य पत्नी’.

‘काका, हे कुणी केलं?’

‘मीच. अगं, नुसतं नाव एकेरी वाटतं. बाईला मान नको द्यायला?’

‘तिने सोडलं होतं त्याला!’

‘घटस्फोट झाला होता का पण?’ सामोसे मांडता मांडता काकूंनी विचारलं. ‘नाही ना? मग सौ.च की!’

सगळे हसले. शिसारी आली मला. चाळीस वर्षं दर हिवाळ्यात न चुकता गाडीचे टायर्स बदलणारी ही माणसं. एवढं एक बदलवत नाही.

पहिल्या रांगेत म्हातारी पत्रक घेऊन बसली होती. तिने इंग्रजीत विचारलं, ‘यात आई कुठे?’ मी एका शब्दावर बोट ठेवलं.

‘आणि बाकीचं?’

‘मानाचे शब्द,’ मी म्हटलं. मोर्च्यांत घसा फोडणारी मी, तिथे शेपूट घातली. तिने पत्रक जपून पर्समध्ये ठेवलं. माझ्या त्या शेपूट घालण्याचीही शिसारीच येते.

दुसऱ्या दिवशी तिला खरं सांगितलं. संध्याकाळी पत्रक माझ्या दाराशी पडलं होतं, चुरगळलेलं.

मंडळातल्या लोकांनो, ते पत्रक त्या दिवशी तुम्हीही घरी नेलंय. शोधा. ‘सौ.’ खोडा, नवरा खोडा, तिचं माहेरचं आडनाव माझ्याकडून घेऊन स्वतःच्या हाताने लिहा. म्हातारी अजून आहे. तिच्या दारी जा, दाखवा आणि माफी मागा.