दादाचा बसलेला गळा

माझा दादा पोलादपूरचा मंडपवाला. उमरठपासून वरंधपर्यंत कुणाच्याही घरी लग्न निघालं की कापड, खुर्च्या, भोंगे, जनरेटर आमच्याच टेम्पोतून जायचं, आणि दादाची बडबड वर फुकट. माईक हातात आला की हा माणूस सुटलाच. "वरपक्षाच्या मंडळींनी घाई करू नये, जिलबीला पाय नायत, ती कुठं पळत नाय!" एकदा पंगतीत कुणाची तरी कवळी सापडली. दुसरा कुणी असता तर गुपचूप विचारत फिरला असता. ह्यानं भोंग्यावरून पुकारा केला, "ज्यांची असेल त्यांनी स्टेजजवळ येऊन हसून दाखवावं!" अख्खा मांडव लोटपोट.

घरातही तसाच. रविवारी काम नसलं की वहिनी, त्यांच्या दोन्ही मुली आणि मी, सगळ्यांना टेम्पोच्या हौद्यात सतरंज्यांवर बसवून आंबेनळी घाटात भजी खायला न्यायचा. प्रत्येक वळणावर खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "पडलं काय कोण?" आमचे आईवडील लवकर गेले. मला वाढवलं त्यानं, पुण्याला कॉलेजात घातलं त्यानं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी काय दिवे लावले ते नीट कळेल.

माझं लग्न पुण्यातल्या घरात ठरलं. माणसं शिकलेली, हळू आवाजात बोलणारी. मला आतून धाकधूक, की दादा माईकवर काय बरळेल! लग्न महाडच्या हॉलमध्ये होतं. आदल्या दिवशी तो तिथं वायर गुंडाळत बसला होता, तिथं जाऊन मी त्याला म्हटलं, "दादा, उद्या माईक तू नको घेऊस. ती माणसं वेगळी आहेत. मला लाज वाटेल."

लाज हा शब्द मी वापरला. दुसरा सुचला नाही असं नाही, तोच वापरायचा होता.

दादानं वर बघितलं नाही. "बरं बाय," म्हणाला. मग वायर गुंडाळत, "तसा गळा पण बसलाय माझा. बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी महाडचा कुणी भाड्याचा निवेदक गुळगुळीत बोलत होता आणि दादा मागं जनरेटरपाशी उभा. जो तो विचारतोय, "काय रे, आज गप्प?" हा गळ्यावर हात ठेवून मान हलवतोय. माझ्या सासरच्यांना काही पत्ता नाही. मला तर हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

मला वाटलं होतं, एका दिवसाचा प्रश्न. पण दादानं त्यानंतर माईक धरलाच नाही. वहिनीच्या भाच्याचं लग्न, मुलींचे वाढदिवस, गावातली हळद, कुणी आग्रह केला की उत्तर एकच, "मोठ्यानं बोललं की गळा धरतो." वहिनी त्याला ओव्याचा शेक दे, मिठाच्या गुळण्या दे, महाडच्या डॉक्टरकडे ने, सगळं करत राहिली. डॉक्टर म्हणायचा, काही नाही. दादा म्हणायचा, बघ, काय नाय, पण धरतो. गळ्याला काहीही झालेलं नाही, हे दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. एकदा तरी फोन उचलून म्हणायचं होतं, दादा, चुकले मी, घे तो माईक. एवढ्याशा गोष्टीला मला अकरा वर्षांत वेळ मिळाला नाही!

मग एका दुपारी त्याचाच फोन आला. आवाज घोगरा. "गळा लय खवखवतोय गो. महिना झाला."

मी ऑफिसात होते, कावलेली होते. म्हटलं, "दादा, पुरे आता ते गळ्याचं. माझ्यासमोर तरी नाटक नको."

तो हसला. "बरं," म्हणाला आणि जावई कसे आहेत ते विचारून फोन ठेवला.

घरातही सगळ्यांना तो जुनाच गळा वाटला. चार महिन्यांनी घास उतरेना तेव्हा त्याला पुण्याला आणलं. कॅन्सर. फार उशीर केलात, डॉक्टर म्हणाले. शेवटी शेवटी त्याला खरंच बोलता येत नव्हतं. मेला पाटीवर लिहून नर्सची थट्टा करायचा.

तो गेल्यावर वहिनीनं एकच धरलं. येईल त्याला सांगायची, "अकरा वर्षं माणूस गळा गळा करत होता आणि मी बाई गुळण्या देत बसले. मुंबईला नेलं असतं तर वाचले असते." अंगावर मांस राहिलं नाही तिच्या. मी शेजारी बसून ऐकायचे आणि गप्प राहायचे. ह्याहून नीच काय असतं?

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पडवीत तांदूळ निवडताना तिनं पुन्हा तेच सुरू केलं, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं. लाज हा शब्दसुद्धा. "अकरा वर्षं त्याला काही नव्हतं, वहिनी. खरा रोग नंतरचा. आणि तो त्यानं पहिल्यांदा मला सांगितला होता. तुझा काही दोष नाही." बोलता बोलता मी रडायला लागले आणि खरं सांगते, छाती हलकी झाली.

वहिनीचा हात सुपातच थांबला. मग म्हणाली, "मी मासळी सोडली होती गो. देवीला बोलले होते, ह्यांचा गळा मोकळा होईपर्यंत तोंडात घालणार नाय म्हणून."

मला माहीत नव्हतं. वहिनी आता खात नाही, एवढंच माहीत होतं.

"माझ्यासमोर बांगडा खायचे. म्हणायचे, खा गो तू पण, देवी काय तुझ्या ताटात बघत बसलीय? मी हसायची." तिनं सुपातला हात काढून घेतला. "म्हणजे त्यांना माहीत होतं, गळ्याला काय नाय ते."

"वहिनी, त्यानं माझ्यासाठी..."

"हो, तुझ्यासाठी." तिनं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही. "तुला सांगून मोकळं वाटलं ना? बरं झालं. आता मी कोणाला विचारू?"