कार्डातला पहिला फोटो

जनावरांचे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा झाडाला बांधला, की तो नीट टिपतोय का हे बघायला कुणाला तरी त्याच्यासमोरून जनावरासारखं रांगावं लागतं. आमच्या जंगलात हे काम वनमजूर सखारामकाकांचं. त्यामुळे अस्वल, सांबर, बिबट्या यांच्याआधी कॅमेऱ्याच्या प्रत्येक कार्डात पहिला फोटो काकांचाच असतो. जनावरं मोजायला बसले, की मी आधी तो पुसून टाकते.

काल मात्र हात थांबला. फोटोत काका ओठ आवळून एक पाय ओढत होते.

"काका, गुडघा दुखतो तर सांगायचं ना!"

"बिबट्या काय उभ्यानं चालतो व्हय, मॅडम?" काका हसले.

लंगडणारं जनावर दिसलं, की आम्ही त्याचे जुने सगळे फोटो काढून बघतो, कधीपासून लंगडतंय ते. काकांचा जुना एकही फोटो माझ्याकडे नाही.