बीरोची चावी

आता काय सांगू तुम्हाला! ही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर आमची ही तिखटमीठ लावून सांगेल.

मला शुगर आहे, जुनी. डॉक्टर तर हात धुऊन माझ्या पायांच्या मागे लागलेले. तळवे रोज आरशात बघा, अनवाणी फिरू नका, बूट घालण्याआधी उपडे करून झटका! अहो, पाय माझे की त्यांचे? इथे तमिळनाडूत 'सर'ला 'सार' म्हणतात; मी वैतागून म्हटलं, "सार, माझ्या पायावर मुंगी चढली तरी मला कळते!"

तर दोन-तीन महिन्यांपूर्वी पापनाशमला भाचीचं लग्न होतं. आहेराची साखळी, हिची रेशमी साडी, सगळं बीरोत, म्हणजे आमच्या लोखंडी कपाटात. मी बूटमोजे चढवून तयार, आणि बीरोची चावी गायब!

"तूच कुठेतरी ठेवलीस!"

"मी? चावीसाठी दाराशी, बुटांच्या वर खिळा कोणी ठोकला?"

"मीच ठोकला! खिळ्यावर नाही, म्हणजे तूच घेतलीस!"

गाद्या उलटल्या. तांदळाचा डबा पालथा केला. देवघरातले देवसुद्धा हिने उचलून पाहिले! भांडी घासणाऱ्या सेल्वीला नुसतं विचारलं, तर ती तमिळमध्ये दहा मिनिटं भांडली आणि कढई आपटून निघून गेली. शेवटी कुलूपवाल्याने बीरो फोडला. बस चुकली. पोचलो तेव्हा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून झालं होतं. बहीण बोलेना.

मग मी काय केलं? मांडवभर फिरून प्रत्येकाला सांगितलं, "हिच्या वेंधळेपणामुळे उशीर झाला हो!" ती बिचारी खाली मान घालून बसली.

संध्याकाळी घरी आलो, दाराशी बूट काढले, आत गेलो. मागून ही किंचाळली, "अय्यय्यो! फरशीवर रक्त कसलं?"

मोजा काढला. तळव्याला ही एवढी जखम! तिने बूट उपडा केला.

टण्!

चावी. खिळ्यावरून थेट बुटात पडलेली. दिवसभर मी तिच्यावर चाललो, उभा राहिलो, पंगतीत वाढलंसुद्धा, आणि मला पत्ता नाही! खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ही भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने पायाला फडकं गुंडाळलं आणि ऑटो बोलावली.

डॉक्टर जखम धूत होते. "दुखतंय?"

"नाही, सार."

"तेच तर दुखणं आहे!"

दीड महिना ड्रेसिंग चाललं. रोज सकाळी मीच आरसा घेऊन तळवे बघू लागलो. हिची माफी मागितली, बहिणीला फोन करून खरं सांगितलं, सेल्वीच्या घरी दोन चकरा मारल्या. पण दवाखान्यात चावीची गोष्ट सगळ्यांना कळलीच. तमिळमध्ये चावीला 'सावी' म्हणतात. नर्स भरल्या गर्दीत ओरडायची, "सावी सार, उळ्ळे वांगो!" म्हणजे, आत या! आणि बाकांवरचे सगळे वळून माझ्याकडे बघायचे. मी किती चिडलो, किती समजावलं, माझं नाव वेगळं आहे बाई!

गेल्या आठवड्यात नवी नर्स आली. तिने कागद बघून माझं खरं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मी आपला बसलेलोच!