अ‍ॅडजस्ट करा ना, ताई

नवा ब्लाउज घालून पाहिला, तर हात खांद्याच्या वर जाईना. तसं सांगितल्यावर शिंपीकाका म्हणाले, "थोडं अ‍ॅडजस्ट करा ना, ताई. चार वेळा घातलात की होईल सैल."

हा इंग्रजी शब्द आमच्याकडे कधी आला, आठवत नाही. सासरी निघताना आईने तो कानात सांगितला. मग नणंदेने, साहेबांनी, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेही सांगितला. सांगणारं माणूस स्वतः मात्र तसूभरही हलत नाही.

बोलता बोलता काकांनी जाड कापड शिवायला घेतलं. टाका नीट पडेना, तसा त्यांनी मशीनचा स्क्रू फिरवला आणि एका चिंधीवर दोनदा चालवून पाहिलं. म्हणजे शब्दाचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. कापडाची समजूत घालत ते बसले नाहीत.

"काका, शिलाईत माया सोडलीय ना?"

"सोडलीय की, दोन बोटं."

"मग उसवा."

"वेळ लागेल, ताई."

"लागू दे." मी स्टूल पुढे ओढलं. "हात वर जाईपर्यंत मी इथेच बसणार आहे."